शेपटीवाल्याचा अर्ज

त्याचं खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं. शहरात त्याला सगळे शेपटीवाला म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्याला स्वतःलाही नाही. त्याचं विमान पिवळं, एकट्या माणसापुरतं, आणि त्या विमानामागे लांबच लांब कापडाची शेपूट. शेपटीवर माणसाच्या उंचीची अक्षरं. ‘गाद्या निम्म्या किमतीत, फक्त रविवारपर्यंत.’ ‘चष्म्यांचं नवीन दुकान, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर.’ एकदा कुणा तरुणाने ‘चुकलं माझं, परत ये’ एवढंच लिहून घेतलं होतं. खाली नाव घालायचं राहून गेलं, त्यामुळे त्या दिवशी शहरातल्या बऱ्याच जणी माहेराहून परत आल्या आणि बऱ्याच नवऱ्यांची पंचाईत झाली.

सोळा वर्षं तो हे काम करत होता. लोकांना वाटे, काय, नुसतं फिरायचं तर असतं! पण त्या फिरण्याला रीत होती. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गवताची धावपट्टी होती. सकाळी तिथे कापड पसरायचं, त्याचा दोर दोन खांबांवर टांगायचा. मग त्याने उडायचं, वळसा घालून खाली यायचं, विमानाच्या पोटाखाली लोंबणारा आकडा त्या दोरात अडकवायचा आणि नाक आकाशाकडे करून कापड उचलायचं. पुढे दीड तास शहरावर घिरट्या. वेग जितका कमी तितकं काम चांगलं. विमानाच्या मालकाचं म्हणणं असं, की रस्त्यावरच्या आजोबांना चष्मा काढून, पुसून, परत लावून सगळं वाचता आलं पाहिजे. दर मिनिटाला मान वळवून मागे बघायचं, कापडाला पीळ तर पडला नाही ना. शेवटी कापडासकट उतरता येत नाही, म्हणून धावपट्टीवर अगदी खाली यायचं, डाव्या गुडघ्याजवळची लाल मूठ ओढायची, कापड गवतावर सोडायचं, तसंच पुन्हा वर जायचं, एक चक्कर मारायची आणि मग उतरायचं.

उतरायचं ते त्याच गवतावर. त्याचं दुखणं हेच होतं. त्याने ते कधी मोठ्याने बोलून दाखवलं नाही. पण बायकोला ठाऊक होतं. शेजारचा औषध कंपनीचा विक्रेता महिन्यातून दोनदा बॅग उचलून कुठे ना कुठे जायचा आणि तिथल्या उकाड्याच्या, ढेकणांच्या गोष्टी सांगायचा. शेपटीवाला त्या कान देऊन ऐकायचा. सोळा वर्षं आकाशात काढलेला माणूस, आणि विमानाने म्हणावं तर तो एकदाही कुठे गेलेला नव्हता.

बायको दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची; नावं लिहून घ्यायची, वेळा द्यायची आणि घाबरलेल्यांना पाणी द्यायची. तिथे आलेल्या वर्तमानपत्रातला एक चौकोन कापून तिने पर्समध्ये घातला आणि संध्याकाळी त्याच्यापुढे ठेवला.

“अहो, हे बघा. आणि आधी वाचा, मग बोला.”

देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीला वैमानिक हवे होते. त्याने दोनदा वाचलं.

“वयाचं बघितलंस का? चाळीस पूर्ण झालेली नसावीत.”

“तुमची कुठे झालीत?”

“पाच आठवड्यांनी होतील.”

“मग आज भरायला घेऊ,” ती म्हणाली आणि जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलायला लागली.

पाच आठवड्यांनंतर त्याच्यासाठी सगळ्याच मोठ्या विमानांची दारं बंद होणार होती. त्यापुढे मग गाद्या आणि चष्मे, डोळे चालतील तोवर. दोघांनाही हे कळत होतं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. आजवर केलेलं प्रत्येक उड्डाण वेगळ्या ओळीत लिहा, असा नियम. शेपटीवाल्याच्या वह्या अतिशय टापटिपीच्या होत्या. उड्डाणं भरली चार हजार एकशे बारा. बायकोने पहिली ओळ भरली. निघण्याचं ठिकाण: मैदान. पोहोचण्याचं ठिकाण: मैदान. चौकट लालभडक झाली. खाली अक्षरं उमटली: ‘निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण एकच असू शकत नाही.’

“आता?” बायको म्हणाली.

शेपटीवाला त्या लाल चौकटीकडे बघत राहिला. सोळा वर्षं जे त्याला सलत होतं ते एका यंत्राने दोन सेकंदांत त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

तेवढ्यात सासरे आले. सासरे मागच्याच गल्लीत राहायचे आणि मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायचे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि चौतीस वर्षं तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला अशी सवय जडली होती, की बसमध्ये, दवाखान्यात, जावयाच्या घरी सोफ्यावर, कुठेही थोडं काही भरधाव झालं की तो पाय जमिनीवर रुतायचा. मुलगी भरभर बोलायला लागली तरी रुतायचा.

त्यांनी लाल चौकट वाचली आणि खुर्ची ओढून घेतली.

“जावईबापू, तुम्ही धावपट्टीच्या कुठल्या टोकाने उडता?”

“पूर्वेच्या.”

“आणि उतरून थांबता कुठे?”

“पश्चिमेच्या टोकाला. विमान ठेवायची छपरी तिकडे आहे.”

“मग लिही की गं. मैदान पूर्व ते मैदान पश्चिम. यात खोटं काय आहे? माझे शिकाऊ चौकापासून चौकापर्यंत जातात, तरी मी वहीत चौकाची कुठली बाजू ते लिहितो.”

चौकट हिरवी झाली. पुढच्या अकरा संध्याकाळी नवरा-बायकोने आळीपाळीने चार हजार एकशे बारा वेळा मैदान पूर्व ते मैदान पश्चिम असं लिहिलं. बायकोच्या उजव्या हाताचं बोट सुजलं. दंतवैद्यबाईंनी तिला दातांचंच मलम लावायला दिलं, आणि त्याने गुण आला.

बाकीचे प्रश्न तेवढे अवघड नव्हते. आजवर वाहून नेलेले प्रवासी: शून्य. आपत्कालीन प्रसंग: एक. दोर तुटून कापड फुटबॉलच्या सामन्यावर पडलं होतं आणि दोन्ही संघ चष्म्यांच्या दुकानाखाली झाकले गेल्याने पंचांनी सामना बरोबरीत सोडवला होता. शेवटचा प्रश्न होता, विमानातल्या सहकाऱ्याशी झालेला मतभेद आपण कसा मिटवला? शेपटीवाल्याने बराच विचार केला. मग त्याने लिहिलं, ‘मी एकटाच असतो. मतभेद होतात, पण थोडक्यात मिटतात.’

चाळिशीला दोन आठवडे उरले असताना बोलावणं आलं.

त्यानंतर सासऱ्यांनी सूत्रं हाती घेतली. त्यांचा सिद्धान्त असा, की वाहन म्हणजे वाहन. चाकं रस्त्यावर आहेत की पोटात दुमडलेली, हा तपशील झाला. जेवणाच्या दोन खुर्च्या त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या, जावयाच्या हातात स्टीलचं ताट दिलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीवर बसले.

“प्रश्न पहिला. चालकाचा सगळ्यात मोठा गुण कोणता?”

“शांत डोकं?”

“मागे बघणं! पुढचं काय, आंधळ्यालाही धडकल्यावर कळतं. मागून काय येतंय ते ज्याला कळतं तो चालक.”

“मामा, विमानाच्या मागून काही येत नाही.”

“येत नाही, कारण तुम्ही बघत असता. बघणं सोडा, मग सांगा.”

“बरं. तेवढं मला येतं.”

“आता वळा. अहो, हळू! हळू!” सासऱ्यांचा पाय फरशीवर रुतला. ताट डावीकडे झुकलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “बाबा, ते ताट मला हवंय, भाजी झालीये.”

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण सासऱ्यांना वाटलं, जावयाला जाहीर शुभेच्छा दिल्या पाहिजेत, आणि शहरात जाहीर काही करायचं म्हणजे एकच मार्ग. त्यांनी मालकाकडे जाऊन कापडाची मागणी नोंदवली. मालक जाडजूड आणि सरळ माणूस. तो मजकूर वाचून उठूनच उभा राहिला.

“म्हणजे माझा वैमानिक मला सोडून चाललाय, ही बातमी मी माझ्याच विमानामागे लावू?”

“तुमच्याकडे दुसऱ्याचं विमान आहे का?” सासऱ्यांनी विचारलं.

मालक परत खाली बसला. शिवाय ट्रेनिंग स्कूल जुनं गिऱ्हाईक. शेपटीवाल्याला त्या सकाळी एवढंच सांगण्यात आलं, की आज मजकूर वाचायचा नाही. तसंही वैमानिकाला आपल्या मागचं कापड वाचता येत नाही. त्याला फक्त कडा दिसते. म्हणून तो नेहमीसारखा उडाला, नेहमीसारखा दर मिनिटाला मागे बघत दीड तास फिरला, आणि त्याला फक्त एवढंच जाणवलं, की आज गच्च्यांवर गर्दी फार आहे आणि माणसं हात हलवतायत. गाद्यांना कधी कुणी हात हलवला नव्हता. उतरल्यावर तो गवतात पडलेल्या कापडापर्यंत चालत गेला आणि डावीकडून उजवीकडे चालत चालत त्याने ते वाचलं. ‘आमच्या जावईबापूंना मोठ्या विमानासाठी शुभेच्छा. मोटार ट्रेनिंग स्कूल. महिलांना खास सवलत.’

म्हणजे स्वतःला मिळालेल्या शुभेच्छा त्याने स्वतःच शहरभर ओढत नेल्या होत्या. आता न्हाव्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. गुपचूप नापास होण्याची सोय उरली नाही.

“गेलास तर गेलास,” मालक म्हणाला आणि आकड्याला उगीचच तेल घालत बसला. “नाही झालं तर सोमवारी लवकर ये. गाद्या आहेत.”

*

परीक्षा बसने सात तासांवर, कंपनीच्या मोठ्या इमारतीत होती. एका उंच दालनात पाय असलेलं एक अवाढव्य पांढरं डबडं उभं होतं. आत खऱ्यासारखं विमानाचं नाक, काचेबाहेर खऱ्यासारखं आकाश. डबडं जागच्या जागी डुलायचं आणि आतल्या माणसाला वाटायचं आपण उडतोय. उमेदवारांच्या जोड्या लावल्या होत्या, कारण मोठं विमान दोघांनी चालवायचं असतं. शेपटीवाल्याच्या जोडीला एक बाई आली. ती बारा वर्षं माल वाहणारी विमानं चालवत होती आणि तिला सणसणीत सर्दी झाली होती.

“मी आजवर कोंबडीची पिल्लं नेली, टायर नेले, एकदा पियानो नेला,” ती नाक पुसत म्हणाली. “तुम्ही?”

“गाद्या,” शेपटीवाला म्हणाला. “म्हणजे, गाद्यांबद्दल.”

मालवालीने त्याच्याकडे जरा बघितलं आणि पट्टा आवळला.

परीक्षक मागच्या बाकावर बसला. डबडं उठलं, डुललं, आकाश खाली आलं. शेपटीवाल्याचा हात खरोखर चांगला होता. एवढं मोठं धूड त्याने असं अलगद उचललं, की मालवाली शिंकायची थांबली. मात्र वर गेल्यावर त्याने वेग कमी करायला सुरुवात केली. विमान पडू नये म्हणून जेवढा लागतो त्याहून जेमतेम थोडा जास्त ठेवला आणि खालच्या खोट्या शहरावर सुरेख, गोल घिरट्या धरल्या.

“एवढं हळू का?” परीक्षकाने विचारलं.

“वाचता यावं म्हणून,” तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

“आणि सारखं मागे काय बघताय?”

मागे परीक्षकाचे गुडघे होते. “सरळ आहे ना ते बघतोय,” शेपटीवाला म्हणाला. परीक्षकाने नकळत गुडघे सरळ केले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

“ठीक. आता उतरवा.”

धावपट्टी समोर आली, मोठी होत गेली. सगळं अगदी बेतशीर चाललं होतं. जमीन हातभर उरली असं वाटलं आणि शेपटीवाल्याचा डावा हात सोळा वर्षांच्या इमानाने डाव्या गुडघ्याजवळ गेला. लाल मूठ तिथे नव्हती. पाण्याचा पेला ठेवायची कडी होती. ती त्याने ओढली. पेला त्याच्या बुटात रिकामा झाला, आणि त्याच दमात विमानाने नाक वर केलं, धावपट्टी पोटाखालून सरकली आणि ते डौलात आकाशात निघून गेलं.

आपण काय केलं हे त्याला वर गेल्यावर कळलं. आता संपलं, त्याने मनात म्हटलं, सोमवारी गाद्या.

“शाब्बास!” परीक्षक ओरडला. “शाब्बास, शाब्बास! सकाळपासून नऊ जोड्या गेल्या त्यात!”

“कशात?”

पण परीक्षक ऐकत नव्हता. उतरत्या उमेदवाराला शेवटच्या क्षणी चकवायला त्याने धावपट्टीच्या मधोमध इंधनाचा एक खोटा टँकर उभा केला होता. नऊच्या नऊ जोड्या त्यावर जाऊन आदळल्या होत्या. “एवढ्या खालून, एवढ्या शांतपणे वर गेलेला माणूस मी बघितला नव्हता,” असं म्हणत त्याने कागदावर मोठी बरोबरची खूण केली, दिवे लावले आणि तो जेवायला निघून गेला.

उपाहारगृहात मालवाली त्याच्यासमोर येऊन बसली.

“तुम्ही टँकर बघितला नव्हता.”

“कशावरून?”

“वर जाताना तुम्ही मागे बघत होतात. टँकर पुढे होता. मी ओरडणार होते, तर शिंक आली.”

शेपटीवाल्याने तिला सगळं सांगितलं. कापड, आकडा, मूठ, चक्कर. ती एवढी हसली की तिला परत शिंका आल्या.

“आता काय करणार?”

“विचारतो,” तो म्हणाला आणि त्याने सासऱ्यांना फोन लावला.

“टँकर चुकला ना?” सासरे म्हणाले. “मग झालं तर! माझे शिकाऊ रोज न बघता दहा गोष्टी चुकवतात, मी विचारायला जातो का? गप्प राहा. हातातोंडाशी आलेला घास आहे, जावईबापू.” आणि फोनमधूनसुद्धा पाय रुतल्याचा आवाज आला.

मुलाखतीच्या खोलीत तिघे होते. माणसांच्या मनाचे डॉक्टर, नेमणुका बघणारे साहेब आणि मधल्या खुर्चीत पिकल्या, आखूड केसांच्या मोठ्या बाई, ज्यांनी तीस वर्षं सगळ्यात मोठी विमानं चालवली होती. बाईंच्या हातात बरोबरची खूण केलेला तो कागद होता.

“परीक्षक तुमच्यावर फार खूश आहेत,” त्या म्हणाल्या. “मला एकच सांगा. टँकर तुम्हाला नेमका कधी दिसला?”

प्रश्न साधा होता. ‘अगदी शेवटी’ एवढे दोन शब्द पुरले असते. शेपटीवाल्याचं तोंड त्यासाठी उघडलंही. पण त्याच्या मनात भलतंच आलं. सोळा वर्षं त्याच्या मागे कापड होतं. कापडाला आपण काय बघितलं आणि काय नाही, याची पर्वा नसते. इथे मागे दोनशे माणसं बसणार. कुणी पुस्तक उघडणार, कुणी झोपणार, आणि झोपणार ती पुढच्या माणसाला टँकर दिसतो या भरवशावर.

“दिसलाच नाही,” तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी कागद टेबलावर ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं, अगदी बुटातल्या पाण्यापर्यंत.

“म्हणजे,” मोठ्या बाई हळूहळू म्हणाल्या, “तुम्ही आयुष्यात पहिल्या खेपेला कधी उतरलाच नाहीत?”

“नाही. चार हजार एकशे बारा वेळा नाही. शिकत होतो तेव्हा उतरायचो.”

नेमणुकांच्या साहेबांनी चष्मा काढला. “याचा अर्थ ह्या गृहस्थांचा कधीच अपघात होणार नाही.”

“याचा अर्थ,” मनाचे डॉक्टर म्हणाले, “प्रत्येक प्रवासी आपलं गाव दोनदा बघणार.”

“आपल्या लोकांना ‘उतरू नका, परत वर जा’ म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मान खाली जाते त्यांची. इतकी वर्षं मी तेच शिकवतेय. आणि हा माणूस न सांगता वर जातो!” मग त्या शेपटीवाल्याकडे वळल्या. “पण कधीतरी खाली यावं लागेल हो. ते जमेल का, हे मला आत्ता बघायचंय. तीन संधी. एकदा तरी पहिल्या खेपेला टेकवा, नाहीतर तुमचा रस्ता वेगळा, आमचा वेगळा.”

सगळी वरात डबड्यात गेली. मालवालीला जेवणावरून उठवून आणलं. धावपट्टी मोकळी, टँकर काढून टाकला होता, हे त्याला दोनदा सांगण्यात आलं.

पहिल्या खेपेला त्याने सगळं लक्ष पुढे लावलं, आणि हात आपसूक कडीवर गेला. विमान वर.

दुसऱ्या खेपेला मालवालीने कडी रुमालाने बांधून ठेवली. शेपटीवाला मोठ्याने घोकत खाली आला, “कापड नाही, कापड नाही, कापड नाही.” जमीन आली, आणि खरंच नाही ना, म्हणून त्याने मागे वळून बघितलं. मुलाखत घेणारे तिघेही त्याच्याकडे बघत होते. विमान वर.

नेमणुकांच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. शेपटीवाल्याने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. हा हात त्याचाच होता. त्याला त्यानेच वाढवलं, सांभाळलं, त्यावर घर चाललं, आणि तोच आज ऐकत नव्हता. सात तासांची परतीची बस त्याला दिसायला लागली. न्हावी दिसला, वाणी दिसला, आणि का कोण जाणे, सुजलेल्या बोटाने लिहीत बसलेली बायको दिसली.

तिसऱ्या खेपेला त्याने काहीच घोकलं नाही. धावपट्टी आली. हात गुडघ्याकडे निघाला.

“कापड पडलं,” शेजारून आवाज आला. मालवाली समोर बघत, बाजारहाटाची यादी वाचावी तसं म्हणत होती. “गवतावर पडलंय. पीळ नाही. मी बघितलंय. चक्कर झाली. उतरा.”

हात थांबला. सोळा वर्षांत त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं; सांगायला शेजारी कुणी नव्हतंच. त्याने मागे बघितलं नाही. हात दांड्यावर परत आला आणि ते भलंमोठं धूड, बाळ पाळण्यात ठेवावं तसं, धावपट्टीवर टेकलं.

“कुठलं कापड?” नेमणुकांच्या साहेबांनी कुजबुजत विचारलं.

“तुम्ही जरा गप्प बसा हो,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या मालवालीकडे बघत होत्या. “आणि तुम्ही. तुम्हाला हे म्हणायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” मालवाली म्हणाली आणि शिंकली. “त्यांना ते ऐकायचं होतं, आणि मला घरी जायचं होतं.”

पत्र तीन आठवड्यांनी आलं. तोवर त्याची चाळिशी पूर्ण झाली होती, पण कंपनीच्या हिशेबाने वय अर्जाच्या दिवशीचं. दोघांनाही घेतलं होतं. त्याच्या पत्राला मात्र एक जोडपत्र होतं, सहीशिक्क्याचं: ‘सदर वैमानिकाबरोबर विमान चालवताना सहवैमानिकाने उतरण्यापूर्वी “कापड पडलं” असे स्पष्ट आवाजात म्हणावे. एक वर्षानंतर फेरविचार.’ सासऱ्यांनी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांचा पाय फरशीवर रुतला. मालकाने पुतण्याला कामावर घेतलं. त्याने पहिल्याच दिवशी कापडाऐवजी वाळत घातलेली चादर उचलली. शहराने ती दीड तास वाचण्याचा प्रयत्न केला.

आठ महिने शिकण्यात गेले. मग एक दिवस तो नवा गणवेश घालून, छोटी बॅग घेऊन दारात उभा राहिला. ज्या शहराला जायचं होतं ते त्याने फक्त नकाशात बघितलं होतं. बायको कामावर निघायच्या घाईत होती. तिने त्याची कॉलर नीट केली.

“पोहोचलात की फोन करा,” ती म्हणाली, आणि बोलल्यावर स्वतःच क्षणभर थांबली. हे वाक्य ती भावाला म्हणायची, बाबांना म्हणायची, शेजारच्या विक्रेत्यालासुद्धा म्हणून झालं होतं. नवऱ्याला म्हणायची वेळ लग्नानंतर कधी आली नव्हती. तो कुठे आहे हे दवाखान्याच्या खिडकीतूनच दिसायचं.

दुपारी दवाखान्यातला फोन वाजला.

“एक मिनिट हं,” ती म्हणाली. “इथे एक आजोबा तोंडात कापूस धरून बसलेत, त्यांना वाटतंय मी त्यांना विसरले. हं, बोला.”

“पोहोचलो,” शेपटीवाला म्हणाला.

तिने वेळांची वही मिटली.

“कसं आहे तिकडे?”

तो विमानाच्या जिन्यावर सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता. प्रवासी उतरून गेले होते. कुणी वळूनही बघितलं नव्हतं, कारण त्यांना पोहोचायची सवय होती. त्याने नीट बघितलं, चुकीचं सांगायला नको म्हणून.

“डोंगर आहे एक,” तो म्हणाला. “वरून सपाट आहे. वारं आहे. आणि माणसं सगळी अनोळखी आहेत.”

“बरं. जेवलात का?”

“अजून नाही,” तो म्हणाला. “आत्ताच तर आलोय.”